तीन गोळ्या की दहा: लिव्हर रायफल आणि घरी भरलेल्या काडतुसांची चाचणी

घरी भरलेले काडतूस लिव्हर रायफलमधून (चापाभोवतीची लिव्हर खाली-वर करून पुढचे काडतूस आत घेणारी रायफल) किती अचूक जाते, हा अमेरिकी शिकाऱ्यांमधला जुना वाद आहे. आपल्याकडे तो फारसा ऐकू येत नाही, कारण 1959 च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायलाही परवाना लागतो. तिकडे मात्र गॅरेजमधल्या टेबलावर काडतुसे भरणे, म्हणजे उडालेल्या धातूच्या पुंगळीत नवी दारू आणि गोळी बसवणे, हा सुतारकामासारखा घरगुती छंद आहे.

सुरुवात 1873 च्या मॉडेलपासून धरावी. त्याआधी 1860 च्या हेन्री रायफलच्या काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असे, त्यामुळे एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरता येत नसे. 1873 च्या .44-40 काडतुसाला मधोमध वेगळा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) आला आणि रायफल बनवणारा कारखानाच भरण्याची हत्यारे विकू लागला. तेव्हा अचूकता हा हेतू नव्हता. दुकान कित्येक मैल दूर आणि पुंगळी महाग, एवढेच कारण होते. प्रायमरच्या दोन पद्धती 1860 च्या दशकातच निघाल्या होत्या. इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकी अधिकाऱ्याची युरोपात. इंग्रजी पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असते, त्यातून सुई घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो. हे साधे भोक नसते, तर घरी भरण्याचा छंद इतका पसरला नसता.

1894 चे मॉडेल आले ते .32-40 आणि .38-55 या काळ्या दारूच्या काडतुसांसह. दोन्ही काडतुसे एकबारी रायफलींच्या निशाणेबाजीत आधीच नावाजलेली होती. पुढच्याच वर्षी त्याच रायफलीसाठी बिनधुराच्या दारूचे .30 काडतूस निघाले, आजचे ‘थर्टी-थर्टी’. प्रतिस्पर्धी कारखान्याला आपल्या नळीवर दुसऱ्याचे नाव कोरायचे नव्हते, म्हणून हे आकड्यांचे नाव पडले. पहिले 30 म्हणजे इंचाचे शतांश, दुसरे 30 म्हणजे दारूचे ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम). हा दुसरा आकडा काळ्या दारूच्या काळातल्या रिवाजाने चिकटला. काळी दारू सगळीकडे साधारण एकाच जोराची असे, म्हणून तिथे तो आकडा काहीतरी सांगत होता. बिनधुराच्या दारूचे शेकडो प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा जोर निराळा. त्यामुळे नावातला हा आकडा भरण्याचे प्रमाण म्हणून कोणीही वाचू नये.

नव्या दारूबरोबर एक अडचण आली. त्या वेळच्या प्रायमरमधला पारा पितळेत शिरून पुंगळ्या ठिसूळ करी. काळ्या दारूचा मळ तो बराचसा शोषून घेत असे, नव्या दारूला तसा मळच नव्हता. ही अडचण सरल्यावर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची उरलेली दारू स्वस्तात बाजारात आल्यावर घरी भरणाऱ्यांची संख्या खऱ्या अर्थाने वाढली. 1948 साली वरून बंद असलेले, पुंगळी बाजूने फेकणारे 336 मॉडेल आले आणि लिव्हर रायफलवर दुर्बीण सरळ बसवणे सोपे झाले. चाचणीच्या दृष्टीने मला हे वर्ष फार महत्त्वाचे वाटते. उघड्या माशीने (नळीवरच्या नेमाच्या खुणेने) नेम धरताना डोळ्याची चूकच इतकी मोठी असते, की दोन भरणींमधला (दारू आणि गोळीच्या दोन जोडण्यांमधला) फरक त्यात बुडून जातो. दुर्बिणीमुळे तो दिसू लागला.

आणि तिथूनच ग्रुपचा वाद पेटला. ग्रुप म्हणजे एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, हे त्याचे माप. पण गोळ्या किती? एकोणिसाव्या शतकात भोकाभोकात खुंट्या रोवून, मध्यबिंदूपासून प्रत्येक खुंटीपर्यंतचे अंतर दोरीने मोजून बेरीज करण्याची पद्धत होती. तिच्यात एकही गोळी हिशेबाबाहेर राहत नसे. एकबारी रायफलीचे निशाणेबाज 200 यार्डांवर दहा गोळ्यांचा ग्रुप मानत. पुढे एका राष्ट्रीय संघटनेच्या मासिकाने पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप आणि त्यांची सरासरी अशी शिस्त पाळली. शिकारीच्या मासिकांत मात्र तीन गोळ्या रूढ झाल्या. कारण दिले जाई ते असे: हरणावर तिसऱ्या गोळीपुढे वेळ येतेच कुठे, शिवाय लिव्हर रायफलची बारीक नळी तापली की गोळ्या सरकू लागतात.

यातले दुसरे कारण खरे आहे. या रायफलीत गोळ्यांची नळकांडी नळीखाली टांगलेली असते, बऱ्याच मॉडेलमध्ये पट्ट्यांनी नळीला बांधलेली. दस्ता दोन तुकड्यांचा. नळी तापून वाढते, पट्ट्या तिला अडवतात आणि भोके वर-खाली पसरतात. नळकांडे रिकामे होत जाते तसे पुढचे वजनही बदलते. पण यावरून तीन गोळ्या पुरतात असे निघत नाही. फक्त विखुरण्याच्या साध्या गणिताने पाहिले, तरी तीच रायफल आणि तीच भरण असताना दहा गोळ्यांचा सरासरी ग्रुप तीन गोळ्यांच्या सुमारे दीडपट, नेमके सांगायचे तर 1.58 पट निघतो. म्हणजे तीन गोळ्यांत एक इंच दाखवणारी रायफल दहा गोळ्यांत दीड इंचाहून जास्त दाखवणार, आणि दोन्ही मापे खरीच. त्याहून वाईट म्हणजे तीन गोळ्यांचा एकेक ग्रुप नुसत्या योगायोगाने सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त इकडेतिकडे सहज होतो. अर्धा ग्रेन दारू वाढवली आणि ग्रुप सव्वा इंचावरून पाऊण इंचावर आला, असे लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो. पण त्याने पाहिलेली सुधारणा बहुधा दारूची नसते. लोक अशा एका कागदावर वर्षभराची भरण ठरवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लिव्हर रायफलला हा दोष जास्त बाधतो, कारण तिथे बदलणाऱ्या गोष्टीच जास्त. नळकांड्यातली स्प्रिंग आणि झाडतानाचा धक्का यांनी गोळी पुंगळीत मागे सरकू नये म्हणून पुंगळीचे तोंड गोळीवरच्या खाचेत दाबून बसवावे लागते. सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या नसल्या, तर हा दाब प्रत्येक काडतुसाला वेगळा पडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये पुंगळीला मागून अडवणाऱ्या खटक्याचे कुलूप मागच्या बाजूला असल्याने पुंगळ्या ताणल्याही जातात. आधी पुंगळ्यांची लांबी सारखी करा, मग दारूचे आकडे बदला, हा जुन्या भरणाऱ्यांचा क्रम म्हणूनच बरोबर होता.

1950 च्या दशकात 336 मॉडेलच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा उथळ आणि जास्त संख्येच्या झाल्या. ‘यात ओतीव शिशाची गोळी चालत नाही’ हा समज तेव्हापासूनचा. गोळी नळीच्या मापाला किंचित मोठी घेतली, तर पुष्कळांची चांगली चालते. हा समजही बऱ्याचदा दोन-चार ग्रुपांवरच उभा राहिलेला दिसतो.

नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात आणि मागच्याचे टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकते, म्हणून टोकदार गोळ्या वर्ज्य आणि चपट्या टोकाच्या चालत आल्या. 2000 च्या दशकाच्या मध्यावर मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी आली. ती दाबली तर दबते, आणि हवेत वेग जास्त टिकवते. 150-170 ग्रेनच्या चपट्या गोळीवर पोसलेल्या थर्टी-थर्टीची चाचणी 100 यार्डांपलीकडे नेण्यात लोकांना रस आला तो यानंतर. वेगमापक यंत्रे 1970 च्या दशकापासून हौशी लोकांच्या हाती येऊ लागली होतीच, गेल्या दशकभरात डॉप्लर रडारची छोटी यंत्रेही आली. पण वेगाची एकसारखी नोंद म्हणजे अचूकता नव्हे, आणि तीन गोळ्यांवरून काढलेला वेगाचा फरक ग्रुपाइतकाच डळमळीत असतो.

तापणाऱ्या नळीची अडचण आता बरेच जण अशी सोडवतात: थंड नळीने तीन गोळ्या, मग थांबणे. दुसऱ्या दिवशी तीच भरण, तोच नेम, पुन्हा तीन. चार-पाच दिवसांचे कागद नेमाचा बिंदू जुळवून एकावर एक ठेवायचे आणि त्यावर उमटलेली बारा-पंधरा भोके एकच ग्रुप म्हणून मोजायची.