एबीएचं शिक्षण: विदर्भातल्या पदवीधरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस. ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मागणं, बोलणं, स्वतःचं आवरणं छोट्या टप्प्यांनी शिकवायचं आणि रोजच्या नोंदी पाहून पुढचा टप्पा ठरवायचा, अशी ही पद्धत. वाशिम, यवतमाळ, गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत हे काम जाणणारी माणसं फार थोडी आहेत, त्यामुळे गावाकडचे पदवीधर इकडे वळत असतील तर त्यांना नीट माहिती मिळालीच पाहिजे. या विषयाच्या कोर्सच्या जाहिराती भरपूर दिसतात. त्यातल्या कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी एवढं ठरवा: शिकून झाल्यावर काम कुठं करायचं आहे, इथं की परदेशात? दोन्हींचे कागद वेगळे, नोंदणी वेगळी. इथल्या नोकरीसाठी परदेशी प्रमाणपत्र पुरत नाही आणि तिकडच्या नोकरीसाठी इथली नोंदणी चालत नाही.

इथं काम करायचं असेल तर

दिव्यांग मुलांसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सगळे तिला आरसीआय म्हणतात. आरसीआयचा कायदा 1992 चा आहे. त्यात ठरवून दिलेल्या वर्गातलं काम नोंदणीशिवाय करणं गुन्हा आहे, त्याला कैदेचीही तरतूद आहे. आरसीआयच्या यादीत ‘बिहेवियर ॲनालिस्ट’ असा स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे एबीए करणारे बहुतेक जण विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी करतात आणि एबीएचं प्रशिक्षण त्यावर घेतात. आमच्या मते गावाकडच्या पदवीधरानं हाच क्रम धरावा. आधी नोंदणी मिळवून देणारी पदवी, मग एबीए.

पदवीधराला सगळ्यात जवळचा रस्ता बी.एड. स्पेशल एज्युकेशनचा. मुदत 2 वर्षं. पदवीला खुल्या प्रवर्गाला 50 टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 45. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची बी.एड. सीईटी द्यावी लागते, जनरल आणि स्पेशल दोन्हींसाठी एकच. 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. महाविद्यालयाचा पसंतीक्रम भरताना आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यता यादी उघडून तीन गोष्टी जुळवा: महाविद्यालय, अभ्यासक्रम आणि शैक्षणिक सत्र. मान्यता सत्रागणिक असते, मागच्या वर्षीची यंदा असेलच असं नाही. दिव्यांगत्वाचा प्रकारही तिथंच दिसतो. एबीएसाठी ऑटिझमचा, म्हणजे एएसडीचा प्रकार उत्तम. तो जवळपास नसेल तर बौद्धिक दिव्यांगत्वाचा घ्या. श्रवणदोष किंवा दृष्टिदोषाची जागा मिळते म्हणून घेतली तर नोंदणी त्याच प्रकारात होते आणि पुढं ऑटिझमच्या जागेसाठी अर्ज करताना अडतं.

दुसरा रस्ता मानसशास्त्राच्या एम.ए.चा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ किंवा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून तो करता येतो. पण नुसत्या एम.ए.वर आरसीआयची नोंदणी होत नाही, हे अनेकांना निकाल लागल्यावर कळतं. पूर्वी त्यापुढं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. असायचं. यूजीसीनं त्याला दिलेली मुदतवाढ 2025-26 च्या सत्रापर्यंतच होती. म्हणून आता या रस्त्यानं जाणाऱ्यानं आरसीआयमान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाचीच चौकशी करावी. दुरून एम.ए. करायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: यूजीसीनं जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. त्यामागं 2021 चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत ‘बिहेवियरल ॲनालिस्ट’ हे नाव स्पष्ट आहे. आज ना उद्या या नावानं नोंदणी मागितली जाईल, तेव्हा नियमित वर्गात बसून घेतलेली पदवीच उपयोगी पडेल.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं

बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट) हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते प्रमाणपत्र अमेरिकेतलं बीएसीबी हे मंडळ देतं. 1 जानेवारी 2023 पासून हे मंडळ अमेरिका आणि मोजके देश वगळता इतर ठिकाणी राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही. भारतात राहून बीसीबीए आता होता येत नाही, खालच्या पायरीचं, म्हणजे सहायकाचं, आरबीटी प्रमाणपत्रही मिळत नाही. तरीही ‘बीसीबीएचा अभ्यासक्रम पूर्ण करा’ असं सांगून मोठी रक्कम मागणारे भेटतात. अभ्यासक्रम खरा असूही शकतो, पण परीक्षेला बसायचा अर्जच स्वीकारला जाणार नसेल तर तो कशासाठी करायचा, हे त्यांना लेखी विचारा.

भारतातून अर्ज करता येतो अशा दोन संस्था आहेत, क्यूएबीए आणि आयबीएओ. दोन्हींच्या पहिल्या पायरीला 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. क्यूएबीएचं प्रमाणपत्र एबीएटी, आयबीएओचं आयबीटी. शॅडो टीचर (वर्गात एका मुलासोबत बसून त्याला मदत करणारा) किंवा थेरपी सहायक म्हणून सुरुवात करणाऱ्याला एबीएचं प्रमाणपत्र म्हणून एवढं पुरे. वरच्या पायरीसाठी, म्हणजे क्यूबीए किंवा आयबीएसाठी, पदवी, मान्य अभ्यासक्रम आणि पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे शेकडो तास लागतात. प्रशिक्षण देणारा त्या संस्थेच्या मान्य यादीत आहे का, हे संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहा, जाहिरातीवरच्या बोधचिन्हावर जाऊ नका. परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते. गावात लाइट जाते, नेट तुटतं आणि मध्येच परीक्षा बंद पडली की फी आणि वेळ दोन्ही अडकतात. त्या दिवशी नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात ब्रॉडबँड आणि इन्व्हर्टर असलेली खोली घ्या. टेबलावर कागद नको, खोलीत दुसरं माणूस नको, आणि ओळखपत्रावरचं नाव अर्जातल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे.

देखरेखीखालचे तास

अभ्यासक्रम पैशानं मिळतो, तास मिळत नाहीत. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. देखरेख करणारी व्यक्ती पात्र असावी लागते, आणि तिची पात्रता ज्या संस्थेचं प्रमाणपत्र हवं त्या संस्थेच्या नियमानं ठरते. म्हणून सुरुवातीलाच तिच्या प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन संस्थेच्या नोंदवहीत तपासा. मग लेखी करार करा: किती महिने, महिन्याला किती भेटी, फी किती, मध्येच थांबलं तर झालेल्या तासांवर सही मिळेल की नाही. शेवटचा मुद्दा करारात नसेल तर वाद झाल्यावर सगळे तास हातचे जातात.

मुलं कुठं मिळतील? जिल्हा सामान्य रुग्णालयातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, समग्र शिक्षाचा समावेशित शिक्षण विभाग, अनुदानित विशेष शाळा आणि नागपूरचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, ही विचारण्याची ठिकाणं. संस्थाप्रमुखांचं परवानगीपत्र, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय मुलासोबत बसू नका. संमतीपत्र मराठीतच असावं. मेळघाटात कोरकू बोलणारे किंवा भामरागडकडे माडिया बोलणारे पालक असतील तर ते त्यांच्या भाषेत समजावून सांगावं, अंगठा घेतला तर साक्षीदाराची सही घ्यावी. मुलाला शिकवायचे पहिले शब्दही घरच्याच भाषेतले हवेत. घरी कोणी बोलत नाही त्या शब्दानं मूल पाणी मागायला शिकलं तर आईला ते कळणार कसं?

नोंद कशी हवी ते पाहा. ‘आज थेरपी घेतली, मूल शांत होतं’ ही नोंद बाद होते. ‘सकाळी 10 ते 12. लक्ष्य: पाणी मागणं. 20 संधी, 14 वेळा मदतीशिवाय मागितलं, 4 वेळा शब्दाची आठवण द्यावी लागली, 2 वेळा प्रतिसाद नाही. पुढच्या वेळी आठवण 3 सेकंद उशिरा द्यायची’ ही नोंद टिकते, कारण तिच्यावरून दुसरा माणूस उद्याचं सत्र घेऊ शकतो. वहीत नोंद केली त्याच दिवशी फोटो काढून मेलवर ठेवा.

अमेरिकेत जाऊन बीसीबीए करणाऱ्यांसाठी तासांचा हिशेब आणखी कडक आहे. 2000 तास आणि त्यातले किमान 5 टक्के देखरेखीत, किंवा 1500 तास आणि 10 टक्के. म्हणजे पहिल्या प्रकारात महिन्यात 100 तास भरले तर किमान 5 तास देखरेख. एकूण तासांतले किमान 60 टक्के तास आलेख वाचणं, आराखडा लिहिणं, पालकांना शिकवणं अशा कामाचे लागतात. नुसतं मुलासोबत बसून तास भरणाऱ्यांचे तास इथं कापले जातात. दर महिन्याचा फॉर्म पुढचा महिना संपायच्या आत सही होऊन हवा आणि सगळी कागदपत्रं 7 वर्षं जपावी लागतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होण्याआधी केलेले तास धरत नाहीत.

कागदपत्रं

दहावी, बारावी, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, टीसी, आधार, अधिवास प्रमाणपत्र, फोटो आणि सही हे सगळ्यांना लागतं. मध्ये शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यात कोणाचं फार अडत नाही.

अडतं ते जात वैधतेशी. एससी, व्हीजेएनटी, ओबीसी, एसईबीसी यांचे अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात, एसटीचे वेगळ्या तपासणी समितीकडे. पुरावा मानीव तारखेच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी कायद्यानं धरलेल्या तारखेच्या, आधीचा हवा: एससीसाठी 10 ऑगस्ट 1950, एसटीसाठी 6 सप्टेंबर 1950, व्हीजेएनटीसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967. आपल्याकडं यासाठी दोन जागा हमखास कामाला येतात. आजोबांच्या प्राथमिक शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसिलीतली कोतवाल पंजीची नक्कल. कोतवाल पंजीत जन्माच्या नोंदीसमोर वडिलांचं नाव आणि जात लिहिलेली असते. नोंद मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्या. नक्कल काढल्यावर तिथंच उभं राहून आडनाव वाचा. एका नोंदीत ‘राऊत’ आणि दुसऱ्यात ‘राउत’ असेल तरी वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही रूपं एकाच व्यक्तीची आहेत हे लिहावं लागतं. सीईटीचा अर्ज भरायच्या वर्षभर आधी हे काम सुरू करा.

नॉन क्रिमी लेयर एससी-एसटी सोडून इतर राखीव प्रवर्गांना लागतं आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. 2026-27 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2027. जुनं प्रमाणपत्र वर्षभर आधीच संपत असेल तर पडताळणीत अर्ज खुल्या प्रवर्गात टाकला जातो.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून पूर्ण शुल्कमाफी आहे. आपलं महाविद्यालय या शुल्कमाफीत बसतं का ते प्रवेश घेतानाच विचारा. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँकेचं असतं. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं एनपीसीआय या संस्थेकडं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, नोंदलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात जाऊन पडतात. कोणतं खातं असं नोंदलेलं (सीड) आहे ते आधारच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

परदेशी अर्ज

इथं सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा आधार नव्या नावानं आणि पदवी जुन्या नावानं असते. पासपोर्ट, आयईएलटीएस किंवा टोफेल, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठानं दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा), तिन्हींवर नाव एकच राहील असं आधी ठरवा. गरज असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून सीलबंद लिफाफ्यात किंवा थेट ई-मेलनं पाठवावी लागते. निकालाच्या हंगामात तिला उशीर होतो, म्हणून दिवाळीआधी मागणी करा.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती एससी, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहे: पात्रता परीक्षेत 60 टक्के, वय 35 पर्यंत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत. भूमिहीन शेतमजुराच्या मुलाला ती लागू आहे हे आपल्याकडं फार कमी घरांना माहीत आहे. एससी आणि नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे. तिच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय आणि जाहिरात वाचूनच अर्ज भरा.

अमेरिकेत प्रवेश मिळाल्यावर आय-20 वरचा, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवरचा, अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक विद्यापीठाला विचारा. तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर शिक्षणानंतर 36 महिन्यांपर्यंत काम करता येतं, नसेल तर 12 महिने. आणि शिकत असताना बाहेरच्या क्लिनिकमध्ये पगारी तास करायचे असतील तर आधी सीपीटीची, म्हणजे शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी आय-20 वर नोंदवून घ्या. परवानगीआधी एक दिवस जरी काम केलं तरी व्हिसाची अट मोडते.