नियंत्रक सभासदांतूनच निवडावेत का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑनलाइन चर्चेच्या जागेवर शिस्त राखायला पगारी माणसं ठेवावीत की सभासदांतूनच स्वयंसेवक नियंत्रक निवडावेत, हा वाद इंटरनेट घरोघरी येण्याआधीचा आहे. आमचं मत स्पष्ट आहे: सभासदांतूनच निवडावेत. पण अधिकार किती, मुदत किती आणि चूक झाल्यास दाद कोणाकडे, हे आधी ठरलेलं हवं. ते ठरलं नाही तिथे काय झालं, याची उदाहरणं भरपूर आहेत.

१९८४ च्या सुमारास यूजनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरच्या जुन्या चर्चागटांत, नियंत्रित गट सुरू झाले. मजकूर थेट छापला जात नसे. तो ईमेलने नियंत्रकाकडे जाई आणि त्याने वरच्या भागात ‘अप्रूव्हड’ अशी ओळ घातली की सगळीकडे पोचे. सगळा भार बहुधा एकाच माणसावर. तो आजारी पडला किंवा त्याने नोकरी बदलली की गट ठप्प. शिवाय ती ओळ कोणालाही खोटी घालता येई.

पुढचा धडा कायद्याचा. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रॉडिजी या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीला सभासदाच्या मजकुरासाठी प्रकाशकासारखं जबाबदार धरलं, कारण तिने चर्चांवर देखरेखीसाठी ‘बोर्ड लीडर’ नेमले होते. म्हणजे लक्ष ठेवलं म्हणून अडचणीत! पुढच्याच वर्षी अमेरिकेने कलम २३० (वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी सेवा चालवणाऱ्याला प्रकाशक न मानणारी कायद्यातली तरतूद) आणून हा उलटा न्याय दुरुस्त केला.

सर्वांत बोलकं प्रकरण एओएल या अमेरिकन इंटरनेट सेवेचं. तिथे हजारो स्वयंसेवक चॅटरूम सांभाळत. बदल्यात त्यांना फुकट वापर मिळे आणि ग्राहकांना वापराचे तासाला २.९५ डॉलर पडत होते तोवर तो मोबदला भरघोस होता. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने महिना १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापर दिला आणि त्या मोबदल्याची किंमत एकदम घसरली. काम मात्र तसंच राहिलं: प्रशिक्षण, ठरलेल्या पाळ्या, वेळेची नोंद, अहवाल. १९९९ मध्ये माजी स्वयंसेवक किमान वेतन मागत न्यायालयात गेले. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. पाळ्या लावल्या, हजेरी घेतली की स्वयंसेवक कर्मचारी ठरू शकतो, हे कोणत्याही संचालकाने लक्षात ठेवावं.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चेच्या संकेतस्थळाने निराळी वाट काढली. आधी २५ निवडक नियंत्रक, मग ४०० आणि शेवटी अधिकार सर्वसाधारण सभासदांत फिरता ठेवला. यंत्रणा अधूनमधून काही सभासदांना पाच गुण देई. ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर बाद. या गुणांनी प्रतिसादाची पत -१ ते ५ या पट्टीवर वरखाली होई. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलं, तिथे गुण वापरता येत नसत. हा एक नियम प्रत्येक मंचाने उचलावा असा आहे, कारण पक्षपाताच्या तक्रारी बहुतेक इथूनच उगवतात.

रेडिट या चर्चागटांच्या संकेतस्थळावर उतरंड ज्येष्ठतेची. वरचा नियंत्रक खालच्याला काढू शकतो, खालचा वरच्याला नाही. त्यामुळे पूर्वी वर्षानुवर्षं न फिरकणारा संस्थापकही डोक्यावर राहू शकत असे. जून २०२३ मध्ये एपीआयच्या (बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीच्या) नव्या दरांविरुद्ध हजारो गट नियंत्रकांनी बंद ठेवले. कंपनीने त्यांना हटवण्याची तंबी दिली आणि २०२४ मध्ये खुला गट खासगी करायला आपली परवानगी सक्तीची केली.

मराठी विकिपीडियावर हे काम प्रचालक करतात. पान काढणं, सुरक्षित करणं, उपद्रवी खातं रोखणं हे त्यांचे अधिकार, आणि सगळ्याची नोंद सर्वांना दिसते. चावडीवर, म्हणजे तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर, त्यांना जाबही विचारता येतो. आम्हाला हा उघडेपणा मतदानापेक्षाही मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात जबाबदारीचा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप गटावरून न्यायालयात पोचला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन दोषी नाही, असं खंडपीठ म्हणालं. सदस्य घेणं-काढणं एवढीच सत्ता त्याच्या हाती असते आणि मजकूर येण्याआधी तो अडवू शकत नाही, हा त्यामागचा आधार होता. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला इतरांचे संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. एखादा ठरावीक संदेश येण्याआधी अडवणं अजूनही त्याच्या हाती नाही. पण तक्रार आल्यावरही संदेश तसाच ठेवला तर ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे म्हणणं आता अवघड आहे.