पीओपी आणि पांढरं सिमेंट: एकाला वाळवायचं, दुसऱ्याला भिजवायचं

पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि पांढरं सिमेंट, हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही सुटं मिळतं. दोन्ही भुकट्या पांढऱ्या, दोन्ही पाण्यात कालवून साच्यात ओतायच्या, दोन्हींचा दगड होतो. म्हणून घरी मेणबत्तीचं स्टँड, ट्रे किंवा छोटी कुंडी करताना जे हाताशी असेल ते वापरलं जातं. मग पीओपीची कुंडी रोजच्या पाण्याने मऊ पडून कडांना झडू लागते, नाहीतर सिमेंटचा ट्रे लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवला जातो आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. दोन्ही वेळा साचा नीट होता, हातही नीट होता. फक्त एकाचे नियम दुसऱ्याला लावले.

पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम, एक मऊ खनिज. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवलं की त्याच्या स्फटिकांतलं पाऊण हिस्सा पाणी उडून जातं. आपण घरी पाणी घालतो तेव्हा ती भुकटी गेलेलं पाणी परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत अडकतात आणि पुन्हा जिप्सम तयार होतं. हे होताना भांडं गरम लागतं. या कामाला १०० ग्रॅम भुकटीमागे जेमतेम १९ ग्रॅम पाणी पुरतं, पण इतक्यात ते ओतता येत नाही, म्हणून आपण ६० ग्रॅम घालतो. उरलेलं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. पीओपी हलकं का, पाणी आणि तेल का शोषतं, याचं उत्तर या छिद्रांत आहे.

पांढरं सिमेंट हे साधंच पोर्टलंड सिमेंट, म्हणजे बांधकामाचं नेहमीचं, फक्त लोह अगदी कमी असलेल्या कच्च्या मालाचं. नेहमीच्या सिमेंटचा करडा रंग मुख्यतः लोहामुळे येतो. ते वाळून कडक होत नाही. पाण्याशी त्याची क्रिया कित्येक दिवस चालते आणि ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. मधेच पाणी संपलं की क्रिया थांबते, वस्तू आकसते आणि चिरते. गवंडी नव्या गिलाव्यावर दिवसातून दोनतीनदा पाणी मारतो ते याचसाठी.

घरात चिठ्ठी नसलेली पिशवी सापडली तर ओळखायला स्वयंपाकघर पुरतं. दोन चमचे भुकटी एक चमचा पाण्यात कालवा. अर्ध्या तासात कोमट होऊन टणक झाली तर पीओपी; सिमेंट इतक्या वेळात मऊच राहतं. दुसरी खूण त्याहून लवकर कळते: ओल्या भुकटीत चिमूटभर हळद टाका. सिमेंट चुन्यासारखं तीव्र अल्कधर्मी असल्याने हळद तांबडी होते, कुंकू करताना होते तशीच. पीओपीत ती पिवळी राहते. सिमेंटवाली वॉल पुट्टीही हळद तांबडी करते, पण पुट्टी भिंतीवर पातळ थर द्यायला असते. साच्यात जाड ओतली की आकसून फाटते.

आता मापं. साचा पाण्याने भरून ते पाणी मोजा. १०० मिली साच्याला १०० ग्रॅम पीओपी आणि ६० मिली पाणी बरोबर बसतं. आधी भांड्यात पाणी घ्या आणि भुकटी वरून चाळणीने भुरभुरवा. उलट केलं तर तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात. भुकटी आपोआप भिजेपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, मग एक मिनिट सावकाश ढवळा. जोरात फेटलं की बुडबुडे येतात. साच्याच्या कोपऱ्यातून बारीक धारेने ओता आणि साचा टेबलावर हलकेच आपटा. भांड्यात घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका: अडकलेले स्फटिक तुटतात आणि वस्तू खडूसारखी भुसभुशीत राहते. भांड्याला चिकटलेले जुने कण नवा माल पटकन घट्ट करतात, मीठही तसंच करतं. उलट थोडा लिंबाचा रस घातला तर वेळ वाढतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पीओपी हवेतलं पाणी ओढून बसतं. त्यात गुठळ्या दिसल्या तर टाकून द्या.

सिमेंटसाठी त्याच १०० मिलीला ८० ग्रॅम सिमेंट, ८० ग्रॅम संगमरवराचा बारीक रवा किंवा धुऊन वाळवलेली चाळलेली वाळू आणि ४० मिली पाणी. नुसतं सिमेंट ओतलं तर फार आकसतं, रव्याने ते आवरतं. रव्याऐवजी पिठासारखी भुकटी घेतली की पाणी जास्त लागतं, आणि जास्तीच्या पाण्याने सिमेंट कमजोर होतं. माल जाड दह्यासारखा हवा.

साच्यातून काढण्याची घाई दोन्हीकडे नडते, पण वेळ वेगळी. पीओपी पाऊण तासात निघतं. सिमेंटला किमान २४ तास द्या, पातळ कडा असतील तर ४८. मग खरा फरक सुरू होतो. पीओपी सावलीत, हवेशीर जागी, जाळीवर ठेवायचं, म्हणजे तळही वाळेल. वस्तू गालाला लावून पाहा: गार लागली तर आत अजून ओल आहे. त्याच अवस्थेत व्हार्निश लावलं तर आठवड्याभरात फुगे येतात आणि थर सुटतो. सिमेंटची वस्तू मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत सात दिवस ठेवायची, उघडी नाही.

रंग मिसळताना सिमेंटला आयर्न ऑक्साइडच द्या, सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत. खाण्याचे आणि बरेच पोस्टर रंग त्यातल्या अल्कलीने फिके पडतात. पीओपीला पाण्यातच अ‍ॅक्रेलिक रंग चालतो.

काही दुकानदार दोन्ही अर्धं-अर्धं मिसळायला सांगतात, म्हणजे लवकरही घट्ट होईल आणि मजबूतही. हे करू नका. पीओपीतलं सल्फेट आणि सिमेंटमधलं अ‍ॅल्युमिनेट ओलाव्यात हळूहळू नवे स्फटिक तयार करतात, ते फुगतात आणि वस्तू आतून तडकते.

भिंतीवरची नक्षी, फोटो फ्रेम, सुगंधी तेल शोषून दरवळणारा तुकडा हे पीओपीचं काम. पाणी लागणारं सगळं सिमेंटचं. तेलाची पणती दोन्हींत पाझरते, म्हणून आत धातूची वाटी ठेवायची सोय करा. सिमेंटच्या कुंडीत लगेच रोप लावू नका. आठवडाभर पाण्यात बुडवून रोज पाणी बदला, नाहीतर सुटणारा चुना मुळांना सोसत नाही.

दोन्ही भुकट्या हाताळताना मास्क हवा, सिमेंटला हातमोजेही, कारण ओलं सिमेंट त्वचा जाळतं. आणि बाळाच्या हाताचा ठसा पीओपीत हात बुडवून कधीही घेऊ नका. मोठा गोळा घट्ट होताना भाजण्याइतका तापतो आणि तोवर हात आत अडकलेला असतो. त्यासाठी अल्जिनेटची पावडर (दंतवैद्य दातांचा ठसा घ्यायला वापरतात ती) मिळते; तिच्यात साचा घ्या आणि मग त्या साच्यात पीओपी ओता. भांडी मात्र बेसिनमध्ये धुऊ नका, उरलेला माल भांड्यातच घट्ट होऊ द्या आणि खरवडून कचऱ्यात टाका. पाइपमध्ये गेलेलं पीओपी पाण्याखालीही घट्ट होतं.