अहमदाबादच्या नावाची मुनिया

लहानपणी बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एकदा पिंजरा आला. आत चार पोपटी 'हिरव्या मुनिया'. दोन दिवसांत पाण्याची वाटी हिरवी झाली आणि मुनिया तपकिरी! विकणाऱ्याने साध्याच मुनियांना रंग फासला होता. "पैसे खरोखरच पाण्यात गेले," आजी म्हणाली.

खरी हिरवी मुनिया मी पुढे माउंट अबूला पाहिली, घाणेरीच्या झुडपात. पाठ हिरवट, पोट पिवळं, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, चोच लालभडक. तिच्या शास्त्रीय नावातल्या 'फॉर्मोसा'चा अर्थच मुळी सुंदर.

तिची सख्खी बहीण लाल मुनिया आपल्याकडे ओलसर गवतात, बोरूच्या बेटांत राहते. एरवी मातकट दिसणारा नर विणीच्या दिवसांत असा लालबुंद होतो, की कुंकवाच्या करंड्यात लोळून वर तांदळाची कणी उडवून घेतलीय असं वाटावं. मुनियांच्या कुळात असा हंगामी पेहराव दुर्मीळच. गाणं मात्र दोघींचंही बारीक. गवयांच्या कुळात जन्मल्या, पण मैफल गाजवणाऱ्या नव्हेत.

लाल मुनियेचं शास्त्रीय नाव 'अमंडावा' आलं ते अहमदाबादवरून. तिथून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून परदेशी जात. जीवांना शास्त्रीय नावं देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली हेच नाव कागदावर पक्कं केलं. म्हणजे पक्ष्याच्या नावातच बाजार आहे.

मग इतकी पकडली जाऊनही, धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत लाल मुनिया 'कमी चिंता' गटात आणि हिरवी 'असुरक्षित' गटात, असं का? मला यात पसाऱ्याचा मोठा हात दिसतो. लाल मुनिया पाकिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंत आहे. पिंजऱ्यांतून सुटून ती स्पेनमध्येही रुळली. एका गावची संपली, तर शेजारचा थवा येतो. हिरवी मूळची फक्त भारतातली, तीही मध्य आणि वायव्य भागात तुकड्या-तुकड्यांनी. तिथला एक थवा जाळ्यात गेला, की भर घालायला शेजारी कुणी नसतं. १९९०-९१पासून भारतीय वन्यपक्ष्यांचा व्यापार बंद आहे, तरी चोरून विक्री होतेच.

हिरवी मुनिया दाट गवतात किंवा उसाच्या फडात घरटं बांधते, बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत, जवळजवळ अनेक जोड्या. ऊसतोडही नेमकी त्याच दिवसांत चालू असते.