आठ मिनिटांची उसंत

नैराश्यात असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे, "अरे, मन कशात तरी गुंतव." ऐकणाऱ्याला तो टोचतो आणि त्याचं टोचणं रास्तही आहे, कारण सांगणाऱ्याला बहुतेकदा तो विषयच नको असतो. पण सल्ला अगदीच पोकळ नाही. कशात गुंतवायचं, किती वेळ आणि कधी थांबायचं, एवढंच त्यात सांगायचं राहून जातं.

17 ऑक्टोबर 1989 रोजी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को परिसरात 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याच्या दोनच आठवडे आधी स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. उदास वाटलं की तुम्ही काय करता? 'मला असं का होतं' हेच उगाळत बसता, की उठून काहीतरी करायला लागता? भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना गाठण्यात आलं. ज्यांना उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. मुळात कोण किती उदास होतं, हे हिशेबात धरूनही फरक उरलाच.

पुढे नोलन-होक्सेमा यांनी हेच प्रयोगशाळेत तपासलं. काही जणांना आठ मिनिटं स्वतःच्या भावनांवर आणि स्वभावावर विचार करायला सांगितलं. बाकीच्यांनी तेवढाच वेळ अटलांटिक महासागरातून संथपणे जाणारं जहाज, मोनालिसाचा चेहरा अशा गोष्टी डोळ्यांसमोर आणायच्या होत्या. आधीच खिन्न असलेल्यांपैकी पहिल्या गटाची खिन्नता वाढली, दुसऱ्या गटाची उतरली. जे मुळात खिन्न नव्हते, त्यांना दोन्हींमुळे फारसा फरक पडला नाही. मला यातला हा शेवटचा भाग सगळ्यात बोलका वाटतो. स्वतःबद्दल विचार करण्यात वाईट काही नाही. मन खाली गेलेलं असताना तोच विचार भोवऱ्यासारखा आत ओढतो.

मग विचार दाबून टाकले तर? मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अर्थातच अस्वल येत राहिलं, आणि नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर तर आणखीच वारंवार आलं. याच संशोधनातली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काही जणांना सांगितलं होतं, की अस्वल आठवलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. त्यांच्यात ही उसळी बरीच कमी दिसली. थोडक्यात, 'हा विचार नको' म्हणून भागत नाही, मनाला त्या जागी काहीतरी द्यावं लागतं, आणि ते ठरलेलं असावं लागतं.

काय द्यायचं, याचं उत्तर वर्किंग मेमरीत सापडतं. या क्षणी हाताळायची माहिती मेंदू तिथे धरून ठेवतो आणि ही जागा फार अपुरी असते. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये मांडलेल्या प्रारूपात शब्दांसाठी आणि दृश्यांसाठी वेगवेगळे कप्पे आहेत. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये स्वयंसेवकांना अपघात-मृत्यूंची भीषण दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यातल्या काहींना दहा मिनिटं टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं अवचित आठवण्याचं प्रमाण कमी होतं. नंतरच्या एका प्रयोगात प्रश्नमंजुषेसारख्या शाब्दिक खेळाने तसा फायदा झाला नाही. दृश्याला दृश्यानेच अडवलं होतं. अर्थात हे निरोगी लोक होते आणि ती आठवण पडद्यावरची होती. टेट्रिस हा नैराश्यावरचा उपचार नव्हे.

तरी यातून निवडीला दिशा मिळते. अवचित एखादा वास, आवाज किंवा फोटो समोर येऊन जुनं दृश्य उसळलं, तर डोळे आणि हात दोन्ही अडकतील असं काम बरं: चित्रकोडं, विणकाम, रेखाटन, पत्त्यांची जुळवाजुळव. डोक्यात शब्दच घुमत असतील, तर शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजणं किंवा मोठ्याने वाचणं. काम जेमतेम अवघड हवं. नैराश्यात एकाग्रताच घटलेली असते, त्यामुळे जाड कादंबरी हाती घेतली तर चार ओळींत अपयशाची भर पडायची. ही यादी बरं वाटत असताना करून ठेवावी. ऐन वेळी काही सुचत नाही. आणि मोबाइलवर बोट सरकवत राहणं मी तरी यात धरणार नाही. बोट हलत असतं, पण मन मोकळंच असतं, शिवाय पुढच्या पोस्टमध्ये काय निघेल याचा भरवसा नसतो. दारूचं तर बोलायलाच नको.

आता थांबायचं कधी? गॅल शेप्स आणि जेम्स ग्रॉस यांच्या 2011 च्या अभ्यासात दिसलं, की भावना तीव्र असताना लोक लक्ष वळवणं पसंत करतात आणि ती सौम्य असेल तर प्रसंगाकडे नव्या नजरेने पाहणं निवडतात. ही उपजत निवड शहाणपणाची आहे. लाट अंगावर असताना विश्लेषण जमत नाही. पण लक्ष वळवल्याने प्रसंगाचा अर्थ बदलत नाही, तो पुन्हा समोर आला की तितकाच बोचू शकतो. म्हणून मन शांत झाल्यावर, कशाने भडका उडाला ते दोन ओळींत लिहून ठेवावं किंवा कुणाशी तरी बोलावं. तसं कधीच होत नसेल आणि दिवसचे दिवस फक्त गुंतवण्यातच जात असतील, तर ती टाळाटाळ झाली.

उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप, भूक, काम बिघडलं, तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. आणि जीव नकोसा वाटू लागला असेल, तर कोडी सोडवत एकट्याने बसू नये; ताबडतोब कुणाला तरी जवळ बोलवावं आणि तसं स्पष्ट शब्दांत सांगावं.