पोटाचा उजेड पांघरणारा शार्क

शार्क म्हटलं की आपल्याला मोठा जबडा आठवतो. पण शार्कच्या ज्ञात जातींपैकी बऱ्याचशा लहान आहेत आणि त्या माणसाच्या वाटेला कधीच जात नाहीत. एटमोप्टेरस स्पायनॅक्स त्यांतलाच एक. लांबी बहुधा दीड फुटाच्या आत, पाठ तपकिरी, पोट मखमलीसारखं काळं. आइसलँड-नॉर्वेपासून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा अटलांटिक आणि भूमध्य समुद्र हा त्याचा मुलूख. तिथे तो साधारण 200 ते 500 मीटर खोलीवर राहतो, कधी त्याहून बराच खालीही उतरतो. खाणं म्हणजे क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव), छोटे मासे, माकूळ. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच त्याची नोंद केली होती.

या शार्कचं पोट प्रकाशतं. एवढ्या खोलीवर दिवसा वरून फिकट निळा उजेड झिरपत असतो. खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला त्या उजेडावर माशाची काळी सावली स्पष्ट दिसते. पोटावरचे हजारो सूक्ष्म प्रकाशअवयव तसाच निळसर उजेड खाली सोडतात आणि सावली पुसली जाते. म्हणजे हा मासा उजेडाच्या आड लपतो! मोठ्या पाण्यात उतरण्याआधीच हे आवरण तयार असतं. अंडी आईच्या पोटातच उबतात, साधारण 6 ते 20 पिल्लं होतात आणि जन्माआधीच त्यांचं पोट उजळू लागलेलं असतं.

हे दिवे चालतात कसे, हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. समुद्रातले बरेच प्रकाशणारे मासे दिव्यांवर मज्जातंतूंचा ताबा ठेवतात. काहींच्या अवयवांत तर प्रकाशणारे जीवाणूच वस्तीला असतात. या शार्कचा उजेड त्याच्या स्वतःच्या पेशींचा, आणि हुकूम चालतो संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा. बेल्जियमच्या लुव्हँ विद्यापीठातल्या ज्युलियन क्लेस आणि जेरोम मालफे यांनी नॉर्वेच्या फ्योर्डमधून (समुद्राच्या चिंचोळ्या, खोल खाडीतून) आणलेल्या शार्कच्या त्वचेचे तुकडे घेऊन हे तपासलं आणि 2009 मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या शरीरात रात्रीची चाहूल देणारं मेलाटोनिन या त्वचेवर पडलं, की ती हळूहळू उजळते आणि तासन् तास उजळलेली राहते. प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाने उजेड लवकर येतो, पण लवकर ओसरतो. तिसरं एक संप्रेरक तो विझवतं. प्रकाशपेशींच्या तोंडाशी रंगद्रव्याच्या पेशींचा पडदा असतो. तो आकसला की उजेड बाहेर येतो, पसरला की झाकला जातो. त्वचेचा रंग गडद-फिका करण्याची माशांची जुनी यंत्रणा इथे दिवे लावायच्या कामी आली असावी, असं या संशोधकांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

अशा संथ यंत्रणेला वरचा उजेड कमी-जास्त झाला की लगेच जुळवून घेता येत नाही. म्हणून शार्कच उजेडाच्या मागे जात असावा, आपल्या पोटाशी जुळेल त्या खोलीवर वर-खाली होत.

याच माशाच्या पाठीवरच्या दोन परांपुढे मात्र एकेक धारदार काटा असतो, आणि काट्यामागे प्रकाशअवयवांच्या ओळी. काटा अर्धपारदर्शक असल्याने तो उजेडात उठून दिसतो. क्लेस आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार हे काटे मोठ्या माशाला काही मीटरवरून दिसू शकतात. पोट खालच्यांपासून लपवतं, काटे वरच्यांना बजावतात. एकाच देहावर दोन उलट कामं करणारे दिवे!

जाळ्यापुढे मात्र दोन्ही निरुपयोगी. कोळंबी आणि नॉर्वे लॉब्स्टरसाठी तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांमध्ये हा शार्क आपसूक सापडतो. बाजारात किंमत नाही, म्हणून परत फेकला जातो, तोवर बहुतेकदा मेलेला असतो. मादी दोन-तीन वर्षांतून एकदाच विते, त्यामुळे ही तूट लवकर भरून येत नाही. युरोपीय संघाने 2016 च्या नियमाने ईशान्य अटलांटिकमधल्या आपल्या पाण्यात 800 मीटरखाली तळाच्या ट्रॉलिंगला बंदी घातली. हा शार्क बहुतांशी राहतो त्याच्या वर.