मराठीत लिहिलेला माहिती अर्ज फुकटात पीडीएफ कसा करायचा: आरटीआय ऑनलाइनसाठी पूर्ण माहिती

रेल्वे, टपाल खातं, पासपोर्ट कार्यालय, भविष्य निर्वाह निधी अशा केंद्र सरकारच्या कार्यालयांकडे माहिती अधिकाराचा अर्ज आता घरबसल्या करता येतो. त्यासाठी ‘आरटीआय ऑनलाइन’ हे केंद्राचं पोर्टल आहे. अर्जाची फी १० रुपये, कार्डाने किंवा नेटबँकिंगने भरायची. इथपर्यंत सगळं सोपं असतं. मराठीत अर्ज लिहिणाऱ्याचं घोडं अडतं ते मजकुराच्या चौकटीपाशी.

ही चौकट ३००० अक्षरांची आहे, आणि इंग्रजी फॉर्ममध्ये तिथे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी विरामचिन्हंच चालतात. देवनागरी मजकूर किंवा लांबलचक अर्ज ‘सपोर्टिंग डॉक्युमेंट’ या रकान्यात फाईल म्हणून जोडावा लागतो. तिथे वर्डची फाईल घेत नाहीत. फक्त पीडीएफ, तीही १ एमबीच्या आतली. मग लोक अर्ज टाइप करून घेतात, छापतात, पुन्हा स्कॅन करतात आणि प्रत्येक पायरीचे पैसे मोजतात. यातलं काहीही करायची गरज नाही. फाईल तुमच्याकडे आहे ना, मग तिचीच थेट पीडीएफ करा. स्कॅन म्हणजे प्रत्येक पानाचा फोटो. त्याचा आकार फुगतो, अक्षर धूसर होतं. थेट केलेली पीडीएफ हलकी असते आणि अक्षर कितीही मोठं करून पाहिलं तरी स्वच्छ दिसतं.

आधी अर्ज कोणाला करता येतो ते पाहू. कायद्याने हा अधिकार भारतीय नागरिकांना आहे. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस अर्ज करू शकतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) पुरेसं नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, मात्र त्याचा दाखला सोबत जोडावा लागतो. आधार किंवा पॅन जोडू नका. पोर्टलच्याच सूचनांमध्ये तसं सांगितलेलं आहे, तरी बरेच जण सवयीने जोडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तहसील, जिल्हा परिषद, महानगरपालिका, राज्य शासनाचे विभाग यांच्यासाठी हे पोर्टल नाही. राज्याचा अर्ज इथे केला तर तो परत येतो आणि १० रुपयेही मिळत नाहीत. महाराष्ट्र शासनाचं पोर्टल वेगळं आहे, तिथले नियमही वेगळे: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. केंद्राच्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे, पण तेवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही.

आता पीडीएफ. संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्ड असेल तर दुसरं काही शोधू नका. ‘फाईल’मध्ये ‘सेव्ह ॲज’ घ्या, खालच्या प्रकारांच्या यादीतून पीडीएफ निवडा. तिथेच ‘मिनिमम साइझ’ असा पर्याय दिसतो, तो घेतला की फाईल आणखी हलकी होते. वर्ड २०१० पासून ही सोय आतच आहे. विंडोज १० किंवा त्यापुढची असेल तर कुठल्याही प्रोग्रॅममधून प्रिंटची आज्ञा देऊन प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडता येतं. मॅकवरही प्रिंटच्या खिडकीतच ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ असतं.

वर्ड विकत घेतलेलं नसेल तर लिबरऑफिस उतरवून घ्या. ते पूर्ण मोफत आहे, वर्डच्या फाईली उघडतं आणि पीडीएफ करण्याचं बटण वरच्या पट्टीतच असतं. मला ते आणखी एका कारणासाठी आवडतं. ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ निवडलं की एक खिडकी उघडते आणि तिथे चित्रांचं रिझोल्यूशन कमी करता येतं. समजा, दारिद्र्यरेषेचा दाखला किंवा जुन्या पत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो अर्जाच्या शेवटच्या पानावर चिकटवला आहे आणि फाईल ३ एमबीची झाली. इथे ३०० च्या जागी १५० डीपीआय (चित्राच्या एका इंचातले ठिपके) करा. फाईल बरीच खाली येते आणि दाखल्यावरचा मजकूर सहसा वाचता येतो.

फक्त मोबाइल असेल तर गूगल डॉक्स पुरतं. फाईल उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन पीडीएफ म्हणून जतन करा. संगणकावर हेच ‘फाईल’, मग ‘डाउनलोड’ असं सापडतं.

मराठीत खरी अडचण फाँटची. टायपिंगच्या दुकानांत आजही श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फाँट वापरले जातात. तशी वर्डची फाईल घरी आणून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि त्याची पीडीएफ केली तर तोच खिचडा अधिकाऱ्याकडे पोहोचतो. उपाय एकच: ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथेच पीडीएफ करून घ्या, म्हणजे अक्षरं फाईलच्या आत बसतात. स्वतः टाइप करत असाल तर मंगल, निर्मला किंवा मुक्ता यांसारखा युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणारा) फाँट वापरा. तरीही पाठवण्याआधी पीडीएफ दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून पाहा. जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या नीट आहेत का, ते शब्दन् शब्द तपासा. ‘कार्यालय’, ‘प्रश्न’, ‘निर्णय’ हे शब्द चटकन चूक दाखवतात.

पीडीएफ करून देणाऱ्या मोफत वेबसाइटही पुष्कळ आहेत. माहिती अर्जासाठी मी त्या सुचवणार नाही. अर्जात तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, कधी कधी एखाद्या तक्रारीचा सगळा तपशील असतो. तो अनोळखी सर्व्हरवर चढवण्याचं काहीच कारण नाही, कारण वरचे सगळे मार्ग तितकेच फुकट आहेत.

फाईलला नाव देताना मधे मोकळी जागा सोडू नका. पोर्टल ती फाईल घेत नाही. रोमन लिपीत एकसलग छोटं नाव द्या आणि पासवर्ड लावू नका. मजकुराच्या चौकटीत ‘सविस्तर अर्ज सोबत जोडला आहे’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य आणि विषय लिहा. कायद्याने अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कार्यालयाकडे मराठी अर्ज करताना संकोच करू नका.

अर्ज सादर झाला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच पोर्टलवर पहिलं अपील करता येतं. केंद्राकडे त्याला फी नाही.